ब्रेकवर कोणाचा पाय?

वैशाखरे गावाच्या अलीकडे धुक्यात मला एक लाल दिवा भेटला, आणि मी मुकाट त्याच्यामागे गेले.

श्रावणातली दुपार होती. जेमतेम चार वाजलेले, पण माळशेजच्या बाजूने धुकं असं उतरलं होतं की माझ्याच स्कूटीचं पुढचं चाक मला दिसेना. गावात बंद पडलेल्या एका टेम्पोची वायरिंग बघायला मी निघाले होते. अशा वेळी आपल्याकडे एकच रीत – पुढच्या गाडीचा मागचा दिवा धरायचा आणि चालत राहायचं. एकच दिवा, म्हणजे मोटारसायकल असणार, असं मी समजले. पण मोटारसायकलचा आवाज कुठे होता? कसलाच आवाज नव्हता. नुसता तो लाल ठिपका, माझ्यापुढे तरंगत चाललेला...

टोकावड्याला चहा पिताना टपरीवाल्याने सांगितलं होतं, "जपून जा गो. या रस्त्याला हल्ली चकवा लागतो. लाल दिवा दावतो नि माणसाला तिथल्या तिथं फिरवत ठेवतो." मी हसले होते. आमच्या घरी भूतखेत मानत नाहीत. बाबांनी लहानपणीच शिकवलंय – आपण बुद्धाची माणसं, जे दिसेल त्याचं कारण शोधायचं. पण बाबा शहापूरला दुकानात होते आणि धुक्यात मी एकटी होते.

दिवा अचानक थांबला. मी कचकन ब्रेक दाबला आणि थोडक्यात वाचले. धुक्यातून छत्री घेतलेला एक उंच माणूस पुढे आला.

"लागलं काय तुमाला?"

"चकव्याला छत्री पण लागते काय?" मी विचारलं. घाबरले की माझी जीभ जरा जास्तच चालते.

तो हसला. हसताना आधी डोळे हसले, मग ओठ. हे मी इतक्या धुक्यात कसं टिपलं, कोण जाणे.

"चकवा नाय, किशोर. इथलाच, वैशाखऱ्याचा. तुमी?"

"संघरत्ना. शहापूरला बाबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाय, मी पण तेच काम करते. तुमचा मागचा डावा दिवा गेलाय. नि गाडी अशी मुकी कशी?"

"हायब्रिड हाय. हळू चालवली तर बॅटरीवरच चालते, आवाज करत नाय. चौदा वर्सांची म्हातारी हाय, पण गुणाची."

मी तिथेच डिकी उघडायला लावली. आतलं अस्तर बाजूला केलं, होल्डर फिरवून बल्ब काढला. काच आतून काळीकुट्ट. सामानाच्या पिशवीत तसलाच बल्ब होता, तो बसवला. किशोरने छत्री माझ्या डोक्यावर धरली होती आणि स्वतः भिजत होता. बल्ब बसला आणि त्याच क्षणी तोही उजव्यासारखाच लालभडक पेटला... ब्रेक दाबल्यावर पेटतो, तसा.

मी किशोरकडे पाहिलं. तो माझ्या शेजारी उभा होता. गाडीत कोणीच नव्हतं.

"ब्रेकवर कोणाचा पाय हाय?" मी विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कोणाचा नाय," तो म्हणाला. त्याने डिकी बंद केली. "मला दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं हाय."

"स्विच बिघडलाय नुसता. दोन मिनिटांचं काम—"

"ते नको. तेवढं नको, मॅडम."

आणि ती मुकी गाडी धुक्यात निघून गेली. या वेळी दोन लाल दिवे घेऊन.

आता ब्रेकचा दिवा सदोदित जळत राहिला तर बल्ब टिकणार किती? पुढच्याच आठवड्यात किशोर दुकानात हजर. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. कधी डावा गेलेला, कधी उजवा. बाबा गालात हसायचे आणि नेमके तेव्हाच त्यांना पोस्टात काम निघायचं.

"खरं सांगा, बल्ब मुद्दाम फोडता ना?" मी एकदा विचारलं.

"एकदाच फोडला. गेल्या बुधवारी. बाकीचे आपोआप गेले."

"नि बुधवारी का फोडला?"

"मंगळवारपासून तुमी दिसला नव्हता..."

माझ्या हातातला बल्ब निसटता निसटता राहिला. तो मॅडमवरून रत्नावर कधी आला आणि मी त्याला अरेतुरे कधी करू लागले, मला सांगता येणार नाही. एवढं ठाऊक आहे की दुकानासमोर आवाज न करता गाडी येऊन थांबली, की न बघताही मला कळायचं. मी प्रेमात पडले होते, चांगलीच पडले होते.

पण तीन वाजले की तो उठायचाच. माझ्या हातचा चहा अर्धा टाकून उठायचा. "संध्याकाळी थांब ना रे कधीतरी," मी म्हणायचे, आणि तो गाडीची किल्ली उचलायचा. मला संशय येऊ लागला. दिवेलागणीला ज्याला घर गाठावंच लागतं, त्याच्या घरी कोणीतरी वाट बघत असणार. मी तसं तोंडावर विचारलंही.

"हाय कोणीतरी," तो म्हणाला. "एकदा घरी ये. मंग समजंल."

भाद्रपदात मी गेले. घर रस्त्यापासून आत, भाताच्या खाचरांपलीकडे. अंगणात गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. गाडीच्या मागे, ओट्यावर, किशोरची आई बाईजामावशी बसली होती. उजेड विझत चालला तसे ते दोन लाल दिवे ठळक होत गेले. दिवसाही ते जळतच असणार, पण आता अंगण लाल झालं, मावशीचं लुगडं, कपाळ, सगळं लाल. मावशी उठली आणि कपभर चहा घेऊन गाडीच्या चालकाच्या दारापाशी ठेवून आली.

"बस गो," ती मला हळू आवाजात म्हणाली. "मोठ्यानं बोलू नको. अनंता आलाय."

किशोरने मला बाजूला नेऊन सांगितलं. अनंता त्याचा थोरला भाऊ. ही गाडी त्याची, माळशेजला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायचा. दोन वर्षांपूर्वी ऐन भातलावणीत तीन दिवसांच्या तापाने गेला. तेराव्याच्या संध्याकाळी बंद गाडीचे ब्रेकचे दिवे आपोआप पेटले, आणि मावशी बारा दिवसांत पहिल्यांदा जेवली.

"पायडलच्या वर रबराचं बटण असतं ना, स्विच दाबून दिवा बंद ठेवणारं, ते झडलंय. तुकडे मला दुसऱ्या दिवशीच गावले," किशोर म्हणाला. "पण आई बोलते, दादा बसलाय, त्यानं ब्रेकवर पाय ठेवलाय. दिवेलागणीला गाडी अंगणात नि घरचे सगळे समोर नसले तर दादा रागावून जाईल. मंग मी येतो. सकाळी उतरलेली बॅटरी चार्ज करतो नि संध्याकाळी परत येतो. दोन वर्सं झाली. शहापूरला नोकरी येऊन गेली, सोडली. तुला तरी काय सांगू? माझी एक पण संध्याकाळ माझी नाय."

चण्याएवढं रबरी बटण. माझ्या पिशवीत तसली चार होती. गुपचूप बसवलं असतं तर कोणालाच कळलं नसतं, पण त्या बाईचा मुलगा मी चोरून कसा नेणार होते? मी ओट्यावर गेले, मावशीच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. बटण तळहातावर ठेवून दाखवलं.

तिने ते बोटाने दाबून पाहिलं.

"हे बसवलं की तो जाईल?"

"दिवा जाईल, मावशी."

"धाकटा वाळत चाललाय माझा," ती म्हणाली. "दिसतंय मला. बसव. पण त्याला विचारून बसव."

ती किशोरचा हात धरून अंगणातच थांबली. मी चालकाचं दार उघडलं, खाली वाकले आणि डोकं पायडलपाशी घातलं. आत जुन्या उदबत्तीचा वास होता. बटण बसवायला पायडल दाबून धरावं लागतं आणि वरच्या भोकात बटण खुपसावं लागतं. एका हाताने दाबलं की दुसरा पोचेना. दोनदा प्रयत्न केला. घाम फुटला. मग, मला लाज वाटली तरी, मी पुटपुटले, "दादा, बसवू का?"

पायडल खाली गेलं.

माझे दोन्ही हात वर होते. पायडल आपोआप खाली गेलं आणि तिथेच थांबलं, कोणीतरी सांभाळून दाबून धरावं तसं. मी श्वास रोखून बटण भोकात बसवलं. ते बसताच पायडल सावकाश वर आलं. टक् असा आवाज झाला आणि मागे अंगणातला सगळा लाल रंग विझला.

मी बाहेर आले आणि दार हळूच लावून घेतलं.

"उतरला?" मावशीने अंधारात विचारलं.

"उतरले दादा."

"काय बोलला?"

मी किशोरकडे पाहिलं. "किशोरला संध्याकाळी बाहेर जाऊ दे, बोलले."

मावशी रडली, खूप वेळ रडली. मग डोळे पुसून किशोरला म्हणाली, "पोरीला सोडून ये. धुकं हाय."

मी पुढे स्कूटीवर, तो मागे गाडीत, असे आम्ही सरळगावच्या नाक्यापर्यंत आलो. तिथे चहा घेतला. आठ वाजून गेले होते आणि तो सारखा घड्याळ बघत होता, त्या वेळेला नवख्या माणसासारखा.

"रत्ना, खरं सांग. दादा तसं बोलला?"

"दादा नाय बोलले. मी बोलले. मला तुझ्या दुपारी पुरत नाय रे. तुझ्या संध्याकाळी पण पायजेत. सगळ्या."

त्याने माझ्या हातातला कप काढून बाकावर ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले. "घे," एवढंच म्हणाला.

पायडलचं मात्र मी त्याला सांगितलं नाही.