अनुमानक

केतनरावांच्या कानामागचं श्रवणयंत्र त्यांच्याच अंगातल्या उष्णतेवर चालायचं. आता सगळ्यांचीच यंत्रं तशी होती. पण अंगातून वीज मिळायची ती इतकी थोडी, की तिचा कण न् कण वाचवावा लागे.

म्हणून आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरचा ताबा डिजिटल नियंत्रकाकडे असे. त्यातला स्विच सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होई. अर्धवट उघड्या नळासारखी गळती त्यात नव्हती. त्याहून मोठी बचत करी तो ‘अनुमानक’. घरच्या माणसाचं पुढचं वाक्य तो आधीच ताडायचा आणि स्विच बंदच ठेवायचा. न आलेले शब्द मेंदू सवयीने भरून काढी. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे.

रत्नागिरीच्या दवाखान्यात त्यांच्या पत्नी पल्लवीबाई डॉक्टर इरा मोकाशींना घोगऱ्या, विरलेल्या आवाजात म्हणाल्या, “याला माझं ऐकू येत नाही.”

केतनराव हसले. “बघा, हिला घरी जायची घाई. भात लावायचाय म्हणते.”



“माझ्या गळ्यात गाठ आहे, असं तीनदा सांगितलं,” पल्लवीबाई म्हणाल्या. “तिन्ही वेळा म्हणाला, ‘हो, आणतो.’ मग बहिणीला घेऊन ऑपरेशन करून आले, त्यात आवाज असा बदलला. तेव्हापासून मी याच्याशी बोलतच नाही. तरी हा उत्तरं देतो.”

“काकू, तुमची चाहूल लागली तरी पुरतं. बाकीचं त्यांचा मेंदू रचतो.” इराने यंत्र हातात घेतलं. “अनुमानक काढते. पण मग रोज तासभरच चालेल.”

“तासभर पुष्कळ झाला.”

यंत्र परत कानामागे बसलं. पल्लवीबाई नवऱ्याकडे वळल्या. “केतन, गाठ परत आलीय, पसरलीय. आता फार दिवस नाहीत.”

केतनरावांनी दाराकडे पाहिलं. “कोण बोललं?”

“काका, काकू बोलल्या.”

ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश. त्यांचा हात कानामागच्या यंत्राकडे गेला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “ते होतं तसं करून द्या.”

“काका, मग काकूंचं काहीच ऐकू येणार नाही.”

“येतं ना. रोज येतं. घरी ती बरी असते.”

पल्लवीबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. मग त्यांनीच इराकडे बघून होकारार्थी मान हलवली.