सातव्या जहाजावरची पँट

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पैज लावतो.

म्हैसूरमध्ये तर अजून कुणी ठेवलेला नाही. आमच्या दुकानासमोरचे बांगडीवाले वासुदेवराव, ज्यांना मेव्हण्यानं गळ्यात मारलेला चंदनाचा पाट अजून चंदनाचाच वाटतो, तेसुद्धा माझं ऐकून म्हणतात, "सुळ्ळु. शुद्ध खोटं."

पण घटना खरी आहे. माझं नाव सत्यनारायण. या नावानं खोटं बोलायची सोय आईवडिलांनी ठेवलेली नाही.

पहिल्यांदा घडलं त्या दसऱ्याची संध्याकाळ. देवराज मोहल्ला, मार्केटच्या मागची गल्ली, माझं टेलरिंगचं दुकान.

आधी जहाजाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा मुलगा श्रीहर्ष तटरक्षक दलात गेला. घराण्यात सगळ्यांनी सुई धरली, यानं समुद्र धरला. इथून समुद्र पार घाटाखाली. आमच्याकडे पाण्याचा आवाज म्हणजे नळाचा, तोही आला तर.

त्याची गस्तीची जहाजं मोठी. शंभरावर माणसं, मागे हेलिकॉप्टर उतरायला अंगणाएवढी जागा, अंग पांढरं, नाकाशी तिरका पट्टा. अशी सहा. सगळी एकाच नकाशावरून बांधलेली.

"एकाच कटिंगचे सहा शर्ट समजा, अप्पा," तो म्हणायचा. "जिना तिथंच, स्वयंपाकघर तिथंच, झोपायचा बंकसुद्धा तिथंच. फक्त नाव वेगळं."

"मग चुकून दुसऱ्याच जहाजावर चढलास तर?"

"चढतात ना. धक्क्याला शेजारी शेजारी लागली की नवी पोरं हमखास चढतात. डोळे झाकून आपल्या बंकपाशी जातात, तर तिथं दुसराच घोरत पडलेला."

आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. त्यानंतर एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रीहर्षही असाच चढला.

पहाटेचं धुकं होतं. बरोबर त्याचा मित्र रक्षित होता. तो बुटाची नाडी बांधायला मागे थांबला. पुढचं मला त्यानंच सांगितलं.

श्रीहर्ष शिडी चढून आत गेला. जिना हवा तिथं. दिवे हवे तिथं. आतून त्यानं हाकसुद्धा मारली, "ये रे, आज बंक..."

"...रिकामा आहे," हे लांबून आलं.

रक्षितनं मान वर केली.

जहाज सुटलं होतं.

इंजिनाचा आवाज नाही. पाण्यावर तरंग नाही.

आणि मागच्या बाजूला, जिथं नाव रंगवतात तिथं... नुसता पांढरा रंग.

त्यांचं खरं जहाज पलीकडच्या धक्क्याला बांधलेलं. बाकीची पाच दूर समुद्रात.

मग हे सातवं कुठलं?

"पेपरात कसं नाही आलं मग?" वासुदेवराव दरवेळी विचारतात.

"तुमच्या पाटाचं आलं होतं का पेपरात?" मी दरवेळी म्हणतो.

तेव्हापासून श्रीहर्ष घरी आलेला नाही. दिवाळीला नाही, उगादीला नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही नाही. जिवंत माणूस आला असता. तुम्हीच सांगा, आला असता की नाही?

तर, तो पहिला दसरा.

सगळा मोहल्ला बन्नीमंटपला मशालींची परेड बघायला गेलेला. माझी बायको कमलाक्षी दिवा लावायला अग्रहारातल्या घरी गेलेली. मी एकटा. गल्लीभर रोषणाई, आणि खाली माणूस नाही.

लांब फटाके फुटत होते.

मग ते थांबले.

आणि त्या शांततेत... भोंगा.

एकच. लांब. छातीत घुमणारा.

रेल्वेचा भोंगा मी जन्मभर ऐकतोय. हा तो नव्हता.

मी वळलो. कटिंगच्या टेबलावर, जिथं मघाशी काहीच नव्हतं, तिथं... घडी घातलेली पांढरी पँट.

हात लावला. दमट.

बोट जिभेवर टेकवलं... खारट.

पँट उलटी केली. शिवण माझी होती. आमच्या घराण्याची एक पद्धत आहे. तरुण पोराची पँट शिवताना मागच्या शिवणीत चांगलं दोन बोटं कापड आत सोडायचं. पोरं पुढं अंगानं भरतात, तेव्हा उसवून कंबर वाढवता येते. रेडिमेडच्या दिवसांत असं कुणी सोडत नाही. मी सोडतो. श्रीहर्षच्या प्रत्येक पँटला सोडलेलं आहे.

कमरेपाशी खडूची खूण होती. सैल करा म्हणून.

मी काही विचारलं नाही. कुणाला विचारणार? शिवण उसवली, कापड सोडलं, पुन्हा टाके घातले, इस्त्री फिरवली. पँट टेबलावर ठेवली. इस्त्रीचं बटण बंद करायला पाठ फिरवली, तेवढंच.

पँट... नव्हती.

फरशीवर ओली पावलं होती. आत येणारी एकही नाही.

फक्त बाहेर जाणारी.

हे तीन दसरे चाललंय. दरवर्षी तीच पँट. दरवर्षी खडूची खूण थोडी पुढं. मीही दरवर्षी जपून, थोडंथोडंच कापड सोडत आलो. यंदा शेवटचं सोडलं.

आता शिवणीत काही उरलेलं नाही.

पुढच्या दसऱ्याला पँट आली तर मी काय सोडू? आणि कंबर वाढत नाही म्हटल्यावर ती पुन्हा येईल कशाला? हा विचार आला की मशीनवर दोरा तुटतो.

लिहितालिहिता मोठ्यानं वाचायची मला सवय आहे. इथवर वाचलं, तेव्हा बाकावर बसलेले वासुदेवराव पहिल्यांदाच पुढं सरकून ऐकत होते. मला बरं वाटलं.

कोपऱ्यात कमलाक्षी शर्टाला काजं करत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"अहो, भुताची कंबर कशी वाढते हो?"

वासुदेवराव फिस्सकन हसले. ती हसली नाही.

"मंगळूरच्या बसनं येते ती पँट. मीच आणून ठेवते, मीच परत पाठवते. ओली होती, कारण मी धुतली होती. आता जहाजावर नसतो तो, ऑफिसात खुर्चीवर बसतो, पोट सुटलंय. दुसऱ्या टेलरची बसत नाही म्हणतो. आणि म्हणतो, अप्पांना सांगू नकोस."

मी कागदाची घडी घातली.

"तुम्हाला पहिल्या वर्षीच कळलं होतं," ती म्हणाली. "उगीच नाही थोडंथोडं सोडलंत."

"आणि भोंगा?" मी विचारलं.

तिनं सुईत नवा दोरा ओवला.

"जिवंत आहे तो," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलत नाही, एवढंच."