डाव्या टाचेचा राग

राजश्री खाली उतरली ती भांडायला.

बिदरमध्ये खोली घेतल्यापासून तिनं खालच्या भाडेकरूचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याच्या यंत्रांची घूं-घूं मात्र फरशीतून तळपायाला कळायची. शहराबाहेरच्या कोळार वसाहतीतल्या गोदामातली नोकरी सोडून गावी दुबलगुंडीला परत ये, असा भाऊ राजपालचा रोज फोन. ती ‘व्हय दादा’ म्हणायची, फोन ठेवायची आणि खोलीभर येरझाऱ्या घालायची. मुलीनं राग पायांनी काढावा, तोंडानं नाही, असं त्या घरचं वळण होतं.

आज चालता चालता ती थबकली… तर खालची घूं-घूंही थबकली. एक पाऊल टाकलं — एक सूर. पाय आपटला — ढम्म.

तिनं खाली येऊन दार ढकललं. लॅपटॉप, तारांचा गुंता, सिंथेसायझर आणि त्यामागं बाकावर घाबरलेला तरुण.

“माझी नक्कल करायलाव?”

“नक्कल न्हाई… साथ,” तो म्हणाला. नाव व्यंकट, धंदा इन्व्हर्टर दुरुस्तीचा. “मी ठरवून वाजवत न्हाई. वरून येईल त्याला उत्तर देतो. तुमच्याआधी वर एक मास्तर होते. चालायचेच न्हाईत. लई वाईट दिवस होते.”

हसू येत होतं. तिनं वेळीच दाबलं.

“परवानगी कुणाची घेतली?”

“तोंडच बघितलं नव्हतं, विचारू कुणाला? टाच तेवढी वळखतो. डावी जास्त रागीट हाय.”

तिनं डाव्या पायाकडं पाहिलं आणि आणखी चिडली.

“कुणाकुणाला ऐकवलं?”

“कुणालाच न्हाई. साठवतबी न्हाई. वाजलं, गेलं.”

खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. “एवढा माझा राग… आणि वाऱ्यावर सोडला?”

“राग कुणावर हाय पण?”

“भावावर. त्यो ‘ये’ म्हणतो, मी ‘व्हय’ म्हणते. मग चालते.”

“म्हंजे त्यांना पत्ताच न्हाई, आणि रोज माझ्या डोक्यावर?” व्यंकट गंभीरपणे म्हणाला. “मी काय बिघडवलंय तुमचं?”

ती उत्तर देणार, तोच पुन्हा राजपालचा फोन.

“जय भीम, दादा.”

“सामान बांधून ठेव. उद्या टेम्पो घेऊन येतो.”

“व्ह—” तिनं पुढं होऊन सिंथेसायझरच्या पट्ट्यांवर तळहात टेकवला आणि सगळा भार टाकला. खिडकीची तावदानं थरथरली. ती दाबत गेली तसा आवाज चढला, चिरला, हुंदक्यासारखा फुटला… व्यंकटनं हळूच एक बटण फिरवलं. तो आवाज आणखी मोकळा झाला. त्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

“कसला आवाज हाय त्यो?”

“मी हाय, दादा. रागावलेय. टेम्पो आणू नको. नोकरी सोडणार न्हाई मी.”



“कधीपासून रागावलीस?”

“तू पहिल्यांदा म्हणालास तवापासून.”

“मग सांगायचं न्हाई व्हय?” राजपालनं चिडून फोन ठेवला. टेम्पोचं नाव मात्र पुन्हा घेतलं नाही.

तिनं फोन बाजूला ठेवला. व्यंकटनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“मला तुमी… रागात लई आवडता,” तो तांब्याला सांगितल्यासारखं म्हणाला. “शांत असल्यावर कशा असता, ठाऊक न्हाई.”

“मलाबी न्हाई,” ती म्हणाली. “सरका तिकडं. माझं अजून संपलं न्हाई.”

आणि बाकावर त्याला खेटून बसली.