मामांच्या खोलीतलं खरवडणं

ही गोष्ट रचलेली नाही. पटली नाही तरी चालेल. घडलं तेवढंच सांगतो.

मागच्या महिन्यातला रविवार. भर दुपार. घर माझ्या मामांचं, तळमजल्यावरचं. खाली तळघर नाही.

मामा पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले. जन्म मातीत हात घालण्यात गेला. मग अचानक कादंबरी लिहायला बसले. एका जुन्या वस्तीत त्यांनी एका बाईचं घर खणून काढलं होतं. चूल, रांजण आणि जमिनीखाली पुरलेली ती. कादंबरी तिच्यावर. तिच्याच तोंडून.

"जन्मभर पुरावा पुरावा करून डोकं खाल्लंत," मामी टोमणा मारायची, "आणि आता खुशाल मनाचं लिहिताय!"

"ती काय खायची ते मला ठाऊक आहे. तिला काय वाटायचं ते कोण सांगणार? मीच!" मामा हसायचे.

त्या रविवारी मामीचा फोन आला. "अरे, मामा खोलीबाहेर येत नाहीत. जेवायलासुद्धा नाही. तू तरी बघ."

मी गेलो. मामा खुर्चीत ताठ बसलेले. हात मांडीवर. समोर कोरे कागद.

"मामा, चला जेवायला."

त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

मग मलाही ऐकू आलं...

खर्र... खर्र...

फरशीखालून.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"उंदीर थांबून बघत नाही," मामा हळूच म्हणाले. "ऐक. खुरप्याने पातळ थर काढायचा. थांबायचं. बघायचं. पुन्हा काढायचा. कितीतरी पोरांना मी हेच शिकवलंय."

"कधीपासून चाललंय हे?"

"तिच्या तोंडी पहिलं वाक्य घातलं तेव्हापासून. आधी भिंतीपाशी होतं. रोज थोडं इकडे सरकतंय."

मी वाकून फरशीवर तळहात ठेवला. गार. आणि अगदी बारीक थरथर...

एकाएकी खरवडणं थांबलं.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला.

मग दुसराच आवाज सुरू झाला. मऊ. सळ... सळ...

"ब्रश," मामा पुटपुटले. "वस्तू लागल्याशिवाय ब्रश हातात घेत नाहीत."

आवाज बरोबर त्यांच्या खुर्चीखाली होता.

मी त्यांचा दंड धरला. "उठा! आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चला."

"वेडा आहेस का? सापडलेली वस्तू नोंद होईपर्यंत जागची हलवायची नसते. हलवली की मोडते."

मामी दारातून ऐकत होती. ती तरातरा आत आली.

"मोडू दे मोडली तर! माणूस आहात तुम्ही, मडकं नव्हे!"

आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं.

आता दोघंही माझ्याकडे राहतात. तिसऱ्या मजल्यावर. मामा वेळेवर जेवतात, फिरायला जातात. आवाज नाही. डॉक्टर म्हणतात, प्रकृती ठणठणीत. कादंबरीचं नाव मात्र मामा काढत नाहीत.

काल मामीने सहज विचारलं, "अहो, करमतंय ना इथे?"

मामांची मान किंचित खाली कलली... काय बोलायचं ते खालून कुणीतरी सांगतंय आणि ते लक्ष देऊन ऐकतायत, अशी.

बराच वेळ.

मग म्हणाले, "करमतंय."