पाठीवरचं पाणी

"केशरी माझी! हात नको लावू बे!"

"केशरी घेतली म्हणून सायकल जोरात पळते काय?"

"नाई पळत, पण फोटोत चांगली दिसते ना!"

अजयभाऊंच्या सायकल दुकानाच्या ओट्यावर पाणपिशव्यांचा ढीग पडला होता आणि पोंभुर्ण्याची पोरं त्यावर तुटून पडली होती. पाठीवर दप्तरासारखी अडकवायची पिशवी, आत पाण्याची मऊ थैली आणि खांद्यावरून तोंडाशी येणारी नळी. हँडल न सोडता पाणी प्यायचं! सुट्टीतल्या जंगलरस्त्याच्या सायकल शर्यतीत प्रत्येकानं हीच पिशवी घ्यायची, असा नियम होता. बाटल्यांना साफ बंदी. पोरं त्या वाटेत फेकतात, म्हणून वनखात्यानं परवानगी देतानाच तशी अट घातली होती.

"दोन लिटर! पाठीवर विहीर हाय विहीर!" अजयभाऊ छाती फुगवून सांगत होते. शर्यतीचे आयोजक तेच. पिशव्याही त्यांनीच मोबाइलवर फोटो पाहून मागवल्या होत्या. उंटावरून शेळ्या हाकण्यात भाऊंचा हात कोण धरणार!

नंदिनीनं निळी पिशवी उचलली. छातीवरचा पट्टा ओढून पाहिला, नळी चावून पाहिली. शर्यतीत पहिल्या येणाऱ्या मुलीला नागपूरच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती आणि वयाची अट अशी, की पुढच्या वर्षी नंदिनी त्यात बसणारच नव्हती. यंदा, नाहीतर कधीच नाही.

"आता तुले कोणी अडवत नाई," शेजारचा धम्मदीप म्हणाला. तोही शर्यतीत होता. त्याची धाकटी बहीण पिंकी शर्यतीत नव्हती, तरी तिनं दोन पिशव्या गळ्यात घालून पाहिल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी आणि धम्मदीप सरावाला निघाले. पिशव्या नळाखाली काठोकाठ भरल्या होत्या. वरून सांडलं म्हणजे दोन लिटर झालं, हे सगळ्यांनीच धरलेलं. सागाची पानं गळून गेलेली, रस्त्याला सावली म्हणून नाही. आठ वाजताच ऊन चटके देऊ लागलं. चढ लागला आणि धम्मदीपच्या नळीतून सुर्रऽऽ आवाज आला.

"नंदे, हवाच येऊन राह्यली!"

"इतक्यात? अजून अर्धा रस्ता बाकी हाय!"

तिनं आपली नळी ओढली. सुर्रऽऽ! पाठीवरचं पाणी दिसत नाही, हीच तर गंमत. संपल्यावरच कळतं.

थोडं पुढे जाऊन धम्मदीप सायकलवरून उतरला, खाली बसला आणि ओकला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. उतारावर खाली एक डबकं चमकत होतं. पण मे महिन्यात पाण्यापाशी कोण बसलेलं असतं, हे पोंभुर्ण्याच्या पोरांना सांगावं लागत नाही. काठच्या चिखलात पंजे उमटलेले तिला वरूनच दिसले. नंदिनीला रडू फुटलं. तिनं ओढणी त्याच्या डोक्यावर धरली आणि वाट पाहत उभी राहिली. खूप वेळानं तेंदूपत्त्याचा ट्रॅक्टर आला, तेव्हा कुठे दोघांना पाणी मिळालं.

"असं कसं संपलं?" घरी आल्यावर पिंकीनं एक लिटरची बाटली आणली आणि नंदिनीच्या पिशवीत ओतली. मग दुसरी ओतू लागली. दोन घोट गेले आणि पाणी भळभळ बाहेर!

धम्मदीपच्या पिशवीचंही तेच झालं. पिशवी दोन लिटरची होती, पण आतली थैली जेमतेम एका लिटरची! रंग पाहिला, खिसे पाहिले, पट्टे पाहिले. पाणी मात्र कोणीच मोजलं नव्हतं.

"म्हशीवानी पेलं असान तुमी!" अजयभाऊ खेकसले. "छापलं हाय ना त्याच्यावर दोन लिटर? छापलेलं खोटं असते काय?"

शाळेतल्या सरांनी अजयभाऊंना विचारायला सांगितलं. नंदिनीची आई आशाबाई तर घाबरलीच. "मोठ्यायच्या कामात तोंड नको घालू, माय! शर्यत बंद पडली तर तुहीच जागा जाईन!"

सगळा पालथ्या घड्यावर पाणी ओतण्याचा प्रकार!

आई खोटं बोलत नव्हती, हेच वाईट होतं. वनखात्याची परवानगी त्या एकाच सकाळची होती. आणि नंदिनीला आता खरं ठाऊक होतं. ती पाणी पुरवून पुरवून पिणार, बाकीच्या पोरी चढावर बसणार, ती पहिली येणार. गप्प राहायचं, बस्स!

"आणि त्या मूल गावावरून येणाऱ्या पोट्ट्या?" पिंकीनं विचारलं. "त्यायले काय माहीत?"

नंदिनीला पांढरे पडलेले ओठ आठवले. तिनं डोळे पुसले. "उद्या शर्यतीत ट्रॅक्टर नाई आला तर?" ती म्हणाली. "चाल, काहीतरी करू."

शर्यतीच्या सकाळी मांडवात पाहुण्यांपुढे लिटर-लिटरच्या बंद बाटल्या मांडल्या होत्या. पाहुण्यांना बंदी कुठली! निवृत्त हेडमास्तर बापूजी निशाण दाखवायला आले होते. तेवढ्यात पिंकी माइकपाशी पोचली.

"जयभीम बापूजी! उद्घाटनाची पहिली पिशवी अजयभाऊच्या पाठीवर भरू का? दोन लिटर!"

टाळ्या पडल्या. अजयभाऊ फुगले, केशरी पिशवी पाठीवर चढवून ऐटीत वाकले. धम्मदीपनं टेबलावरची एक बाटली ओतली. मग दुसरी.

"अरे अरे अरे!"

पाणी भाऊंच्या पाठीवरून पांढऱ्या पँटीत, पँटीतून बुटात! सारा मांडव खो खो हसला. हसले नाहीत ते बापूजी. त्यांनी हात वर केला तसा मांडव चिडीचूप झाला.

"सांडलं किती, पाहिलं का?" ते हळूच म्हणाले. "म्हणजे पोरांच्या पाठीवर अर्धंच पाणी हाय. अन् आपण त्यायले या उन्हात, वाघाच्या जंगलात सोडून राह्यलो होतो!"

हातच्या कांकणाला आरसा कशाला? अजयभाऊंची मान खाली गेली. शर्यत रद्द झाली. वसतिगृहासाठी निवड करायला आलेल्या नागपूरच्या मॅडम फाइल मिटून म्हणाल्या, "शर्यत नाही तर निवड नाही. यंदाची जागा रिकामीच जाईल."

मूलच्या एका मुलीच्या आईनं नंदिनीला कवटाळलं. अजयभाऊ ओल्या पँटीतच पुढे आले. "चुकलं, पोरी. फोटो पाहून घेतल्या मी." बापूजींनी नंदिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइक ओढला.

"या तिघांनी आज पोरायचे जीव वाचवले! अन् सांगून ठेवतो, पुढच्या वर्षी हीच पोरगी पहिली येते. निशाण घेऊन मीच उभा राहीन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पिंकीनं वयाच्या अटीचं सांगायला तोंड उघडलं. नंदिनीनं तिचा हात घट्ट दाबला.

"हो बापूजी," ती म्हणाली. "नक्की या."