तेच माप

खाली शिंपिणीचं दुकान आणि वर पहिल्या मजल्यावर मॅडमचं वजन घटवायचं केंद्र. बायका हिरव्या भुकटीचे डबे घेऊन जिना उतरायच्या आणि महिन्याभराने कपडे आत घ्यायला दुकानात यायच्या. शिंपिणीलाही काम मिळायचं. हे तिला पुढे फार लागलं.

तिची धाकटी बहीण शाळेत गणित शिकवायची. बाळसेदार, हसरी. कुणीतरी चिडवलं म्हणून तीही वर गेली आणि दोन वेळच्या जेवणाऐवजी ती भुकटी पाण्यात कालवून पिऊ लागली. दर शनिवारी शिंपीण तिचं माप घेई, वहीत लिही आणि वर कौतुकही करी, "बघता बघता काडी झालीस की गं!"

डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा धाकटी घाबरून मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "शरीरातलं विष बाहेर पडतंय. आता अजिबात सोडायचं नाही."

अकराव्या दिवशी तिच्या यकृतानं हात टेकले. दवाखान्यात मॅडम दारातूनच म्हणाल्या, "बाहेरचं काहीतरी खाल्लं असणार," आणि हात झटकून निघून गेल्या. त्याच आठवड्यात धाकटी गेली.

चार महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, त्याच मॅडम कोट घेऊन दुकानात आल्या.

"ताई, जरा आत घ्या. सैल होतोय."

शिंपिणीने टेप कमरेभोवती फिरवली. तीस. कोट टेबलावर फेकावासा वाटला, पण तिने आकडा लिहिला.

"तुम्हीही तेच पिता का?"

"छे हो!" मॅडम खळखळून हसल्या. "मी कशाला पिऊ? ते गिऱ्हाइकांसाठी."

पुढच्या शनिवारी पावणेएकोणतीस. त्याच्या पुढच्या शनिवारी सत्तावीस. आकडे कुठेतरी पाहिलेत असं वाटून शिंपिणीने वहीची मागची पानं उलटली. धाकटीच्या पानावर, मधूनच, तेच आकडे होते. तीस. पावणेएकोणतीस. सत्तावीस. छाती, दंड, मनगट, सगळं तेच.

तिने टेप पोलादी पट्टीवर ताणून पाहिली. सुतभरही फरक नव्हता. दुसरी टेप आणली. पुढच्या शनिवारी तीही पंचवीसच म्हणाली, आणि पंचवीस हा आकडा शिंपिणीने सकाळीच वहीत पाहून ठेवला होता.

आता ती शनिवारची वाट पाहू लागली.

मॅडम गळाठत चालल्या. कोटाला चौथी शिवण पडली. पाचव्या शनिवारी त्या दाराची चौकट धरून आत आल्या, स्टुलावर टेकल्या. डोळे हळदीसारखे पिवळे.

"सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणतात कारण सापडत नाही. चांगलं चारी ठाव जेवते मी, ताई. कुठे जातं ते?"

शिंपीण टेप सोडवत राहिली.

"तुमची टेप बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग मला होतंय तरी काय?"

वहीत धाकटीचं एकच माप उरलं होतं. ते दवाखान्यात घेतलेलं, झोपलेल्या अंगाचं. शिंपीण बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होती. मॅडमना पान दाखवता आलं असतं. सगळं सांगता आलं असतं.

"शरीरातलं विष बाहेर पडतंय," ती म्हणाली.

मॅडमनी झटकन वर पाहिलं.

"आता अजिबात सोडायचं नाही."

मॅडमनी कोट छातीशी घट्ट धरला.

"उभ्या राहा."

त्या उभ्या राहिल्या.

बावीस.

शिंपिणीने वही मिटली.

बुधवारी केंद्राच्या दारावर मॅडम गेल्याची चिठ्ठी लागली. जिन्यात दोन बायका डोळे पुसत होत्या. शिंपिणीला वाईट वाटलं नाही. वाईट वाटत नाही, याचीच काय ती थोडी भीती वाटली. भर दुपारी दुकान बंद करून ती घरी गेली.

आईनं दार उघडलं. लेक गेल्यापासून ती माउली एकदाही हसली नव्हती. आज हसली. शिंपिणीकडे पाहून नव्हे, तिच्या खांद्यामागे पाहून.

"या गं दोघी आत," आई म्हणाली. "अंग कसं छान भरलंय हिचं आता!"