फुलगल्लीतला गोटा

आईला पोरानंच मारलं, हे सांगताना निरीक्षक प्रफुल्ल देवरेंनी बशीत चहा ओतला आणि निवांत फुरका मारला. मंजुषा पगारला शिसारी आली. ती सीआयडीकडून चौकशीला आली होती, म्हणून तिने फक्त वही उघडली.

कुंभमेळ्यासाठी रस्ता मोकळा करायचा म्हणून पंचवटीतली फुलगल्ली उठवायची होती. विक्रेते गल्लीच्या तोंडाशी अडून बसले, चौकातल्या पोलिसांवर दगड गेले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्या गदारोळात आत गल्लीत झेंडू विकणारी सुलाबाई कपाळाला मार लागून जागीच गेली. दगड फेकणाऱ्यांत तिचा मुलगा जीवन होता. आता तो कोठडीत होता.

देवरेंनी पारदर्शक पिशवी पुढे सरकवली. आत रक्ताने माखलेला काळा गोटा होता.

"हा कुणी उचलला?"

"मी स्वतः. बाईच्या डोक्याशी पडला होता."

"डॉक्टर म्हणतात, जखम गोल आहे."

"गोटाही गोलच आहे की, मॅडम."

"अश्रुधुराची नळकांडी कुणी सोडली?"

"या नाथाने. सगळी हवेत. मी मागे गाडीपाशी होतो."

दाराशी उभा असलेला हवालदार नाथा बुटांकडे बघत राहिला. मंजुषाने पिशवी उलटी केली. गोट्याची दुसरी, सपाट बाजू पिवळट होती.

कोठडीत जीवन भिंतीला टेकून बसला होता.

"दगड मारलास?"

"एक मारला. धुरात काय दिसत नव्हतं."

"कुणाला लागला?"

"साहेब म्हणतात, आईला. मग तिलाच लागला असंल."

आईला अग्नी द्यायला त्याने नकार दिला होता. जिच्यावर आपला हात उठला तिला तोच हात कसा लावायचा, एवढंच तो म्हणायचा. सुलाबाई शवागारात पडून होती, आणि देवरे याला कबुली म्हणत होते.

फुलगल्लीत सडक्या झेंडूचा वास घशात बसत होता. जागा बंदोबस्तात जशीच्या तशी राखली होती. सिमेंटच्या त्या गल्लीत एकही दगड नव्हता. फेकलेले सगळे चौकात पडले होते. शेजारची विक्रेती ठमाबाई मंजुषाबरोबर आली.

"सुलाबाई तेव्हा काय करत होत्या?"

"गडबड उठली तशा आम्ही टोपल्या झाकल्या, ताई. ओलं गोणपाट टाकायचं अन् वर गोटा ठेवायचा, म्हणजे उडत नाय. ज्याचा त्याचा गोटा ठरलेला, लय वर्षांचा. सुलानं गोटा ठेवला, उभी राह्यली अन् धाडकन पडली."

ठमाबाईने स्वतःचा गोटा उचलून दाखवला. ओल्या गोणपाटातून झिरपलेल्या रंगाने तो खालून पिवळा झाला होता. सुलाबाईच्या टोपलीवर मात्र गोटा नव्हता, आणि गोणपाट वाऱ्याने एका कडेला गेलं होतं.

संध्याकाळी मंजुषाने देवरे आणि नाथा दोघांना समोर बसवलं.

"हा गोटा कुणी फेकलेलाच नाही," ती म्हणाली. "खालून झेंडूने पिवळा झालाय, हा सुलाबाईचा. पडायच्या आधी तिने स्वतः तो टोपलीवर ठेवला होता. ती पडल्यावर कुणाला तरी दगड हवा होता. गल्लीत दुसरा नव्हता, म्हणून तिच्याच टोपलीवरचा उचलला, तिच्याच रक्तात घोळवला. तो तुम्हीच उचललात, हे तुम्हीच मला सांगितलंत."

देवरेंची बशी हातातच राहिली.

"हवेत सोडलेलं नळकांडं वरून खाली येतं. सुलाबाईच्या कपाळावरची गोल जखम नळकांड्याचीच आहे, आणि ते समोरून आदळलं. कुणीतरी सरळ माणसांवर रोखून मारलं होतं."

"मग नाथाला विचारा. बंदूक त्याच्याकडे होती."

"नाथासाठी तुम्ही एवढा खटाटोप केला नसता. हवालदाराला निलंबित करून मोकळे झाला असता. हे सगळं तुम्ही स्वतःची कातडी वाचवायला केलंत."

नाथाचा आवाज फुटला. "साहेबांनी बंदूक माझ्या हातातून ओढून घेतली, मॅडम. वर मारा, वर मारा, म्हणत होतो मी."

देवरे पुढे झुकले. "पोरगं कबूल झालंय, मॅडम. कशाला उकरून काढता?"

 या माणसाशी आणखी एक शब्द बोलायची मंजुषाची इच्छा नव्हती. तिने बाहेरच्या शिपायांना आत बोलावलं आणि देवरेंना ताब्यात घ्यायला सांगितलं.

मग ती स्वतः कोठडीकडे गेली. जीवनने सगळं मान खाली घालून ऐकलं.

"मॅडम," तो म्हणाला, "पडताना तिला वाटलं असंल का, मीच मारलं?"

हे मंजुषाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचा मार्गही नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "चल, शवागारात जायचंय."